बाटलीतला ओढा

कोपरी, ठाणे पूर्व
२४ फेब्रुवारी

हरिहर,

धाकट्या भावाला लिहायचं म्हणजे हात आपोआप 'चिरंजीव'कडे वळतो. आज वळू दिला नाही. आशीर्वादाचंही नंतर बघू.

तुझा अहवाल माझ्यासमोर आहे. तू पाठवलेला नाहीस. हेदूपाड्याचा जगन घेऊन आला. कल्याणच्या पलीकडे, मलंगगडाच्या अंगाला त्याचं गाव आहे. तो ओढ्याच्या पाण्यावर भाजी पिकवतो, आणि ओढ्याकाठची विहीर त्याच्या घरची आहे. अर्धं गाव तिचं पाणी पितं. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते तेव्हा त्या विहिरीचे नमुने माझ्याकडे यायचे, म्हणून ओळख. त्याने अहवाल टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, शेवटच्या पानावर सही हाय ती तुमच्याच आडनावाची. तुमचं कोन लागतात का?"

मी म्हटलं, "लागायचे."

ओढ्याच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचा कारखाना झाला आहे. त्याचं सांडपाणी सध्या टँकर भरून दुसरीकडे नेतात. आता त्यांना ते ओढ्यात सोडायची परवानगी हवी आहे, आणि त्यासाठी त्यांच्या सल्लागारांनी व्हिएन्नात बसलेल्या एका तज्ज्ञाचं मत आणलं. तुझं. तू लिहितोस की हा ओढा 'निसर्गतः क्षारयुक्त' आहे. हे दोन शब्द सरकारी कागदावर चढले की कोणाची अडकाठी उरत नाही. मुळातच खराब असलेलं पाणी आणखी खराब झालं तर तक्रार कोण ऐकणार? पंचवीस मार्चला कल्याणला जनसुनावणी आहे. त्या दिवशी हे दोन शब्द टिकले तर जगनची विहीर गेली. एवढी साधी गोष्ट आहे.

तुझं काम मला माहीत नाही असं समजू नकोस. सगळ्या युरोपातल्या ओढ्यांचं पाणी गोळा करून तुम्ही त्याचे नकाशे केलेत, त्या वर्षी तू आला होतास आणि आईच्या पलंगावर तो अख्खा खंड पसरला होतास. बोट ठेवून ठेवून मला सांगत होतास. उत्तरेत ग्रॅनाइट आणि दलदल, म्हणून पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी आणि क्षार जवळपास नाहीतच. मध्ये चुनखडी, तिथे कॅल्शियमच कॅल्शियम. पश्चिम किनाऱ्याला पावसातच समुद्राचं मीठ. दक्षिणेत ऊन पाणी पिऊन टाकतं आणि क्षार मागे ठेवतं. स्पेनच्या एका पट्ट्यात जमिनीत जिप्सम, म्हणून तिथल्या ओढ्यांत कॅल्शियम आणि सल्फेट जोडीने. आधी दगड, मग पाऊस, मग ऊन, आणि सगळ्यात शेवटी माणूस, असा क्रम तू लावला होतास. आई म्हणाली होती, "उचल आता तुझा खंड, मला पाठ टेकायची आहे."

तोच क्रम तू इथे आणून लावलास. बाटलीत कॅल्शियम आणि सल्फेट जोडीने सापडलं, तेव्हा दगडात जिप्सम असणारच. कुठल्या दगडात, हरिहर? इथे वरपासून खालपर्यंत काळा बेसॉल्ट आहे. पारसिकच्या डोंगरातल्या खाणीतून आपण पांढरे स्फटिक वेचून आणायचो, ते झिओलाइट आणि कॅल्साइट होते. ही नावं मला तूच शिकवलीस. जिप्समचा खडा एकदा तरी सापडला होता का? बेसॉल्टवरून आलेल्या पाण्यात थोडं कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं, सिलिका असते. सल्फेट नावापुरतं. आणि समुद्र म्हणशील, तर भरतीचं पाणी त्या उंचीवर कधीच चढत नाही.

सल्फेट कुठून आलं ते मी सांगते. कापड रंगवायला सल्फेटची पोती लागतात, आणि आम्लाचं सांडपाणी चुना घालून शांत केलं की कॅल्शियम आणि सल्फेट हीच जोडी उरते. कारखाना चोरून सोडतो आहे. आणि तू त्या चोरीला निसर्ग म्हणून सही केली आहेस.

ती मागे घे. सुनावणीच्या आधी. मोठी बहीण म्हणून नाही, तुझ्याआधी रसायनशास्त्र शिकलेली बाई म्हणून सांगते.

फोन करू नकोस. फोनवर तू "ताई, शांत हो" म्हणतोस आणि मी शांत नसते. या पत्राचा फोटो तुझ्या सरोजला पाठवते आहे. ती वाचून दाखवेल. तू नाही म्हणालास तरी दाखवेल.

उत्तरा


कोपरी
६ मार्च

हरिहर,

सरोजचा फोन आला. बायकोला पुढे करायची तुझी पद्धत जुनी आहे. ती म्हणाली, "ताई, ते म्हणतायत या वयात तुम्ही ओढ्यात उतरू नका, आणि या प्रकरणातही." मी म्हटलं, दोन्हीत उतरून झालं.

मंगळवारी गेले होते. कल्याणहून रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "काकी, तिकडे काय बघायला काय नाय." मी त्याला म्हटलं, तिकडे पाणी आहे. चार ठिकाणचं पाणी घेतलं. एक कारखान्याच्या वर, जिथे डोंगरातून ओढा उतरतो. दुसरं कारखान्याच्या खाली. तिसरं गावाजवळच्या बंधाऱ्यात, जिथून तुझ्या बाटलीतलं पाणी घेतलं असं जगन म्हणतो. चौथं विहिरीचं. जडपणा आणि क्लोराइड घरी काढलं, थेंब मोजायची काचनळी, ब्युरेट, अजून आहे माझ्याकडे. बाकीचं विनिताने खोपटच्या तिच्या प्रयोगशाळेत करून दिलं. ती माझ्या हाताखाली शिकली आहे, चूक करत नाही.

आता ऐक. पहिलं आणि दुसरं पाणी सारखंच आहे. स्वच्छ बेसॉल्टचं पाणी, पाठ्यपुस्तकात छापावं असं. कारखान्याच्या खालीही सल्फेट नावापुरतंच. म्हणजे कारखाना ओढ्यात काही सोडत नाही. निदान अजून तरी नाही. गेल्या पत्रात मी त्यांना चोर म्हटलं, ते मागे घेते. तुला मागे घ्यायला सांगायचं तर ते मला आधी जमलं पाहिजे.

पण याने तू बरोबर ठरत नाहीस. बंधाऱ्यात सल्फेट एकदम वरच्या पाण्याच्या तीसपट होतं, कॅल्शियमही त्याच्याबरोबर चढतं, आणि विहिरीचे आकडे बंधाऱ्याच्या मागोमाग आहेत. दगडात जिप्सम असता तर वरच्या दोन नमुन्यांत दिसला असता. एका बंधाऱ्यापुरता दगड बदलत नाही. दगड तोच, पाऊस तोच, ऊनही तेच. तुझ्या यादीत मग एकच नाव उरतं, तू सगळ्यात शेवटी ठेवलेलं. माणसाने त्या थोड्याशा अंतरात काय घातलं, हे मला अजून कळलेलं नाही. कळेल.

जगनची आई रखमाबाई ओट्यावर बसून पावटे सोलत होती. मला म्हणाली, "बाय, डाल शिजत नाय बघ. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या काढते, पन दाना तसाच टनक."

"कधीपासून?"

"माघी गनपती झालं तवापासून. त्या कारखान्याचं तलपट होवो."

डाळ न शिजणं म्हणजे कॅल्शियम, ते पाणी उकळलं तरी जात नाही, वगैरे मी तिला सांगायला लागले. ती म्हणाली, "त्ये तू बघ. मना डाल शिजाया पायजे."

अक्षर तिरकं आलं आहे. पेन वाईट आहे.

तू मला एकाच प्रश्नाचं उत्तर दे. सही करताना नमुना ओढ्यात नेमका कुठून घेतला, हे तू विचारलं होतंस का?

उत्तरा


कोपरी
१३ मार्च

हरिहर,

पेन वाईट नव्हतं. त्या मंगळवारी बंधाऱ्यात बाटली भरताना पाय घसरला आणि उजव्या हातावर पडले. दोन-तीन दिवस गरम पाण्याने शेकत बसले. सूज उतरेना, तेव्हा हाडांच्या डॉक्टरकडे गेले. मनगटाला तडा आहे. हे पत्र डाव्या हाताने लिहिते आहे. सरोजला काळजी करायला सांगू नकोस, ती तुझ्यापेक्षा जास्त करते आणि मग मला फोन येतात.

हे दुखण्याचं रडगाणं नाही, पुरावा आहे. डॉक्टरच्या माणसाने प्लॅस्टरच्या पट्ट्या टबात बुडवल्या आणि पाणी दुधासारखं झालं. त्याने पट्टी पिळली तेव्हा बोटांमधून जो पांढरा लगदा आला, तो मी आधी पाहिला होता. बंधाऱ्यात पडल्यावर मी ज्याला धरून उठले ते गुळगुळीत होतं, आणि घरी येऊन साबणाने धुतलं तरी नखांत असाच पांढरा लगदा राहिला होता. मी त्याला गाळ समजले. पन्नास वर्षं पाणी तपासलेली बाई, गाळ समजले. प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम, आणि पाण्यात पडला की पुन्हा जिप्सम. तुझा जिप्सम सापडला, हरिहर. फक्त तो दगडात नव्हता.

दुसऱ्याच दिवशी गेले. जगनला म्हटलं, बांबू आण आणि बंधाऱ्याचा तळ चाचप. त्याने चाचपला. बांबू कशाला तरी अडकला, त्याने वर ओढला, तर हात आला. रंग गेलेला, तळव्यावर मोदक. जगनने बांबू खाली टाकला आणि हात जोडले.

मग हळूहळू बाहेर आलं. गावातल्या मूर्ती शाडूच्या, हातभर उंचीच्या. त्या विरघळून जातात. पण गेली काही वर्षं कल्याणच्या मंडळांच्या आणि सोसायट्यांच्या प्लॅस्टरच्या मोठ्या मूर्ती टेम्पोने इथे येतात, भाद्रपदात आणि माघातही, कारण इथे विचारणारं कोणी नाही. गावच्या मंडळाने त्यांच्यासाठी बंधाऱ्यावर घाट बांधला, टेम्पो यावा म्हणून रस्ता केला. गावाला त्याचा अभिमान आहे. भाद्रपदात निदान पावसाचं पाणी वाहून नेतं. माघात ओढा बारीक होतो, पाणी अडवायला बंधाऱ्याच्या फळ्या लावलेल्या असतात, आणि देव जागच्या जागी विरघळत राहतात. तुझी बाटली माघी विसर्जनानंतरच्या आठवड्यात भरली आहे. आणि घाटावरच भरली, कारण सल्लागारांची गाडी घाटापर्यंतच जाते. पुढे चालावं लागतं.

परक्याने ही चूक केली असती तर मी समजून घेतलं असतं. तू ठाण्यात वाढलास. बाबांच्या खांद्यावर बसून मासुंदा तलावावर विसर्जन बघायचास. बाटलीत कॅल्शियम आणि सल्फेट, तारीख माघातली, गाव कल्याणजवळचं. तुला स्पेन आठवला.

आता जगनचं ऐक. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, हे सुनावनीत काढायचं नाय."

"का?"

"त्यांचा वकील म्हनंल, गावच घान करतंय, मग कारखान्याला का नको? आनि गाव म्हनंल, जगननं बाई आनली आनि देवाला नाव ठेवलं. मी कुठं तोंड दाखवू?"

"मग मी तिथे काय बोलायचं?"

"पैलं म्हनत होताव तेच. कारखाना चोरून सोडतंय."

"ते खोटं आहे."

"आपल्या बाजूचं हाय ना."

मी त्याला म्हटलं, माझ्या सख्ख्या भावाने न बघता मत दिलं म्हणून मी त्याच्याशी बोलणं सोडलंय. मी बघून खोटं बोलले तर मला त्याच्यावर रागवायलाही जागा राहणार नाही. जगन म्हणाला, "तुमचं घरचं भांडन तुमी घरी करा ना, मॅडम." त्याचं पूर्ण चुकत नाही.

पण मार्ग एकच आहे आणि तो मी त्याला सांगितला. सुनावणीआधी मूर्ती पाण्याबाहेर काढायच्या, फळ्या उघडायच्या, वरचं पाणी वाहू द्यायचं, आणि पुन्हा तपासायचं. पाणी सुधारलं, तर या ओढ्याला निसर्गतः क्षारयुक्त म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. विसर्जित देव पुन्हा बाहेर काढायचा म्हटल्यावर जगन माझ्याकडे असा बघत राहिला, जसं काही मी त्याचं घर पाडायला सांगितलंय.

रविवारी गाव बसणार आहे. मीही बसणार आहे, कोणी बोलावलेलं नाही तरी.

माझ्या प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही.

उत्तरा


कोपरी
२० मार्च

हरिहर,

उत्तर आलं. इंग्रजीत, चार ओळी, खाली हुद्द्यासकट सही. नमुन्याची जागा तुला कळवली नव्हती, दिलेल्या नमुन्यापुरतं तुझं मत योग्य आहे, आणि ते मागे घेण्याचं शास्त्रीय कारण तुला दिसत नाही. बहिणीला पाठवलेल्या पत्रात 'आपला विश्वासू' मी पहिल्यांदाच वाचलं.

ठीक आहे. तुझ्याशिवाय करते.

रविवारी मारुतीच्या देवळासमोर गाव बसलं. मी सगळं सांगितलं, आकड्यांशिवाय. मंडळाची पोरं मागे उभी होती. एक जण म्हणाला, "मॅडमचा हात गेला, आता पाय पन घालवायचाय वाटतं." हसले सगळे. मी म्हटलं, पाय आहेत तोवर येत राहीन. मग दुसरा म्हणाला, देव पाण्यात दिला तो दिला, बाहेर काढणं म्हणजे पाप. मला वाद घालायची खोड आहे. मी म्हटलं, उत्तरपूजा झाली की मूर्तीत देव राहत नाही, असं तुमचंच शास्त्र सांगतं.

रखमाबाई पुढेच बसली होती. ती माझ्यावरच उसळली. "हे तू नाय सांगायचं, बाय. हे आमी सांगायचं."

मी गप्प बसले. लिहून ठेव, मी गप्प बसले.

मग ती उठली, देवळातून नारळ घेतला आणि घाटाकडे चालायला लागली. जगन मागून, "आये, थांब," करत. ती थांबली नाही. आम्ही सगळे तिच्यामागे. घाटावर तिने पदर डोक्यावर घेतला, पाण्याला नारळ दाखवला आणि म्हणाली, "देवा, तुला पाठवला व्हता, तू हितंच अडाकलास. चूक आमची. आता नीट पाठवते." आणि साडी खोचून पाण्यात उतरली.

त्यानंतर बघत उभं राहणं कोणाला जमलं नाही. जगन उतरला, शेजारचे उतरले, मंडळातली निम्मी पोरं उतरली. निम्मी बाईकला किक मारून निघून गेली. मी काठावर, प्लॅस्टरचा हात गळ्यात, नुसती हुकूम सोडत. मूर्ती बाहेर आल्या त्या बघवत नव्हत्या. चेहरे गेलेले, आतला काथ्या बाहेर आलेला, लोखंडी सळ्या. बायकांनी घरून जुनी लुगडी आणून एकेकीवर घातली. त्या मूर्ती पुरायच्या नाहीत, नाहीतर पावसाळ्यात तेच पाणी झिरपून विहिरीत येईल, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. सध्या जगनच्या खळ्यावर ताडपत्रीत आहेत, वर पत्रे टाकून. पावसाआधी त्यांची नीट सोय लावायची आहे, ते काम बाकीच आहे. संध्याकाळी बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या. साचलेलं पाणी गढूळ होऊन गेलं, आणि मागून वरचं आलं.

काल पाडवा होता. लोक गुढ्या उभारत होते तेव्हा मी बाटली घेऊन घाटावर. या वेळी जगनने माझा दंड धरून ठेवला होता, तोंड मात्र दुसरीकडे. घरी येऊन डाव्या हाताने ब्युरेटची चावी फिरवली. विनिताने सल्फेट सुटीच्या दिवशी करून दिलं, तिच्या नवऱ्याची बोलणी खाऊन. बंधाऱ्यातलं सल्फेट निम्म्याच्याही खाली आलं आहे, आणि कॅल्शियम त्याच मापाने उतरलं आहे. अजून वरच्या पाण्याइतकं नाही. तळातल्या गाळात लगदा आहे, तो जायला एक पावसाळा जाईल. विहिरीत फरक नाही, जमिनीतलं पाणी सावकाश बदलतं. हे सगळं मी जसंच्या तसं सांगणार आहे, आपल्या सोयीचं आणि गैरसोयीचंही.

जिप्समचा डोंगर चार दिवसांत निम्मा होत नाही. एवढं शास्त्रीय कारण तुला पुरेल का?

नाही पुरलं तर राहू दे. पंचवीसला अकरा वाजता कल्याणला. तुझं आसन रिकामं असेल आणि तुझी सही हजर असेल.

उत्तरा


कोपरी
२६ मार्च

हरिहर,

काल काय झालं ते सरोजने तुला सांगितलं असेल, तिला मी रात्री दोन ओळी पाठवल्या होत्या. पण तू दुसऱ्याकडून ऐकून मत बनवतोस, म्हणून सविस्तर लिहिते.

सभागृह भरलेलं होतं. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला कारखान्याचे लोक, समोर अधिकारीबाई. सल्लागारांचा केदार नावाचा माणूस तुझा अहवाल वाचत होता. उच्चार चांगले आहेत त्याचे. मग माझी हरकत निघाली तेव्हा कारखान्याचा वकील उठला. "या बाई निवृत्त आहेत, आणि ज्या तज्ज्ञांवर आक्षेप घेतात ते यांचे सख्खे भाऊ आहेत. हा घरचा वाद आहे, मॅडम. इथे सभागृहाचा वेळ का घालवायचा?" लोक हसले. आमच्या बाजूचेही.

मी म्हटलं, "घरचा वाद घरी चालू आहे. इथे पाण्याबद्दल बोलते."

अधिकारीबाईंनी विचारलं, "भावाच्या मतात चूक काय आहे, ते सांगा."

"चूक नाही," मी म्हटलं. "जी बाटली त्याला दिली तिच्याबद्दल तो बरोबर आहे. त्या बाटलीत जिप्समचंच पाणी होतं. ती बाटली म्हणजे ओढा नव्हे." मग मी केदारला विचारलं, नमुना कुठे घेतलात.

"घाटावर."

"वर का गेला नाहीत?"

त्याने वकिलाकडे बघितलं. "गाडी तिथपर्यंतच जाते."

या वेळी हसू दुसऱ्या बाजूलाही होतं. मग मी मूर्तींचं सांगितलं. हसू थांबलं. मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, खाली बसा." मंडळाची पोरं उठून उभी राहिली. जगन जमिनीकडे बघत होता. वकिलाला हवं ते मिळालं. "म्हणजे गावकरी स्वतःच प्रदूषण करतात, हे बाई मान्य करतात."

"मान्य करते. गावाने घातलं आणि गावाने पंधरा तारखेला स्वतःच्या हाताने काढलं. हे काढल्यानंतरचे आकडे. तुमचं सांडपाणी एकदा येऊन थांबणार आहे, का रोज येणार आहे?"

तो काही बोलणार तेवढ्यात रखमाबाई उठली. तिला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. "आमी देव भायर काढला," ती म्हणाली, "आमच्या छातीवर दगड ठेवून. आता त्या जागी तुमी रंग सोडनार? मग आमी देव कशाला काढला, त्ये सांगा."

अधिकारीबाईंनी आकडे दोनदा वाचले. वरचं पाणी, खालचं पाणी, बंधारा आधी, बंधारा नंतर. मग त्यांनी पेनने 'निसर्गतः क्षारयुक्त' खोडलं आणि शेजारी सही केली. ओढ्यात सांडपाणी सोडायची परवानगी नाकारली. पुन्हा मागायची असेल तर वर्षभराचे, वेगवेगळ्या ठिकाणचे नमुने आणा, आणि ते घेताना गावचा माणूस बरोबर हवा. घाटावरच्या विसर्जनालाही बंदी. ती बंदी ऐकून पोरं माझ्याकडे बघायला लागली.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी पाठ फिरवली. जीप भरून गाव निघून गेलं, मी रिक्षासाठी उभी. जगन मागे राहिला होता. जवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, विहीर राहिली. पन पुढल्या वेली पानी घ्याया याल तवा माझ्या दारावरून येऊ नका. मागच्या वाटेनं या. पोरं तापलीत."

मी म्हटलं, "मी पुढच्याच वाटेने येणार."

"मना म्हाईत व्हतं," तो म्हणाला आणि रिक्षा थांबवून दिली.

तर असं आहे. विहीर वाचली, आणि ज्या गावासाठी भांडले त्या गावाला मी नकोशी झाले. चालेल. पाणी घ्यायला दर महिन्याला जाईन. त्यांना माझ्याकडे बघायचं नसेल तर दुसरीकडे बघावं.

आज सकाळी तुझा निरोप आला. इतक्या वर्षांनी मराठीत. "ताई, काल तू मला वाचवलंस." सरोजने बाजूला रडणारा चेहरा लावला होता, तो तुझा नाही हे मला कळतं.

गैरसमज नको. मी तुला वाचवलेलं नाही. बाटलीबद्दल तू बरोबर होतास म्हणून तसं म्हटलं. चुकला असतास तर भर सभेत तेही म्हटलं असतं, आणि वकिलापेक्षा जास्त मोठ्याने. त्यात तू वाचला असशील तर ती तुझी पुण्याई.

आभार मला नकोत. त्या अहवालावर अजून तुझी सही आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या ओढ्यासाठी तो कोणीतरी पुन्हा बाहेर काढेल. तेव्हा अधिकारीबाईंच्या पत्त्यावर एक ओळ लिही: 'मी जागा न बघता सही केली.' खाली हुद्दा नको. नुसतं नाव.

मराठीत लिहिलंस तरी चालेल. इथे वाचता येतं.

उत्तरा